ठरल्या वेळी सुटणारं पाणी

मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या ‘उदात्त’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. सुंदर वस्तू आपल्याला सुखावते, उदात्त वस्तू आधी दडपून टाकते आणि मग उंचावते, एवढं आपण पाहिलं. १७९० साली आलेल्या तिसऱ्या ‘क्रिटिक’मध्ये कांट निसर्गातल्या उदात्ताची एक यादी देतो. अंगावर येणारे कडे, गडगडणारे मेघ, ज्वालामुखी, वादळं, खवळलेला समुद्र, आणि एखाद्या बलाढ्य नदीचा उंच प्रपात. गंमत अशी की हा गृहस्थ कोनिग्जबर्गच्या परिसराबाहेर फारसा कधी गेलाच नाही. यादी पुस्तकांतून आलेली आहे. पण तिला त्यानं एक अट जोडली आहे आणि आजचा सगळा विषय त्या अटीत आहे. हे सारं आपण सुरक्षित जागेवरून पाहत असलो पाहिजे, असं तो म्हणतो. जो खरोखरच बुडतोय त्याला समुद्र उदात्त वाटत नाही.

आज या अटीची परीक्षा एका गावात घेऊ. गावाचं नाव इमात्रा. फिनलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, रशियाच्या सीमेला खेटून, वुओक्सी नदीच्या काठी. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव. मी काही वर्षांपूर्वी तिथे दोन दिवस राहिलो होतो. तिथला प्रपात, ज्याला ते ‘इमात्रान्कोस्की’ म्हणतात, तो पाहायला गेलो होतो. ‘कोस्की’ला मराठी शब्द काय वापरायचा ही अडचणच आहे. धबधबा म्हटलं की पाणी कड्यावरून खाली पडायला हवं. इथे ते पडत नाही. अरुंद खडकाळ घळईतून उतारावरून फेसाळत, आपटत धावतं. भूगोलाच्या पुस्तकांत ‘द्रुतवाह’ असा शब्द भेटतो. अचूक आहे, पण त्यात पाण्याचा आवाज नाही. मी आपला ‘प्रपात’च म्हणतो.

आधी नदी समजून घेऊ, कारण ती समजल्याशिवाय पुढचं तत्त्वज्ञान हवेत राहील. फिनलंडमधलं सर्वांत मोठं सरोवर साइमा. हजारो बेटं, आत शिरलेल्या खाड्या, आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारा एक गोड्या पाण्यातला सील. या सरोवराचं पाणी वुओक्सीतून रशियातल्या लादोगा सरोवराला जातं. साइमा समुद्रसपाटीपासून सुमारे ७६ मीटरवर, लादोगा जेमतेम पाच मीटरवर. एवढा उतार नदी सुमारे दीडशे किलोमीटरमध्ये उतरते, आणि त्यातला बराच मोठा घास पहिल्या काही किलोमीटरांतच घेते. इमात्रा तिथे आहे.

आता महत्त्वाचं. ही नदी अनादि नाही. हिमयुग संपल्यावर बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. ती सगळीकडे सारखी उचलली गेली नाही. वायव्येकडे जास्त, आग्नेयेकडे कमी. परातीत पाणी घेऊन एक कड उचलली तर काय होईल? तेच झालं. साइमाचं पाणी आग्नेयेच्या काठावर चढत गेलं. त्या काठावर हिमनदीनं आणून टाकलेल्या वाळूगोट्यांचा लांबलचक बांध आहे, त्याला साल्पाउसेल्का म्हणतात. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी पाण्यानं तो बांध फोडला आणि वुओक्सी जन्माला आली. म्हणजे इमात्राचा ‘सनातन’ प्रपात हा एका फुटलेल्या बांधाचा परिणाम आहे. माणसानं पुढे तिथे बांध घातला, पण निसर्गानं घातलेला बांध त्याआधी फुटला होता, हे ध्यानात ठेवा.

आणखी एक. साइमा एवढं प्रचंड असल्यामुळे वुओक्सीला आपल्या नद्यांसारखे पावसाळ्यात महापूर आणि वैशाखात वाळवंट असं काही नसतं. सरासरी सेकंदाला सुमारे सहाशे घनमीटर पाणी, बारमाही. इंजिनिअरच्या तोंडाला पाणी सुटावं अशी नदी.

पण इंजिनिअर उशिरा आले. आधी राण्या आल्या. १७७२ साली रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हा प्रपात पाहायला आली आणि तिथूनच इथल्या पर्यटनाची सुरुवात मोजतात. पुढे फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली गेला. १८४२ साली झार पहिला निकोलस यानं प्रपाताच्या आजूबाजूचा परिसर राखून ठेवायचा हुकूम काढला. त्याला आज ‘राजउद्यान’ म्हणतात. फिनलंडमधलं सर्वांत जुनं संरक्षित निसर्गक्षेत्र म्हणून ते ओळखलं जातं. १८९२ मध्ये रेल्वे आली, आणि पीटर्सबर्गचे लोक इमात्राला येऊ लागले, जसे मुंबईचे लोक माथेरानला. काठावरच्या लाकडी हॉटेलांना आगी लागल्या म्हणून १९०३ मध्ये दगडी हॉटेल उभं राहिलं. वास्तुशिल्पी उस्को न्यूस्त्रोम. बुरूज, टोकदार छपरं, परीकथेतला किल्ला वाटावा अशी इमारत. ती आजही हॉटेलच आहे.

चित्रकार आले. आक्सेली गालेन-कालेला यानं १८९३ मध्ये हिवाळ्यातला इमात्रा रंगवला. चहूकडे बर्फ आणि मधून न गोठणारं पाणी. आणि एक तत्त्वज्ञही आला. रशियन विचारवंत व्लादिमिर सोलोव्योव १८९४-९५ चा हिवाळा इथे जवळच राहिला होता, साइमावर आणि इमात्रावर त्यानं कविता लिहिल्या. त्याचा ‘निसर्गातील सौंदर्य’ हा निबंध त्याआधीचा, १८८९ चा. त्यात कोळसा आणि हिरा यांचं उदाहरण आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही एकच, कार्बन. मग एक सुंदर आणि दुसरा नाही, असं का? सोलोव्योवचं उत्तर थोडक्यात असं, की हिऱ्यात पदार्थ आणि प्रकाश एकमेकांत मिसळून तिसरंच काही घडतं. कोळसा प्रकाश गिळून टाकतो. सौंदर्य नुसत्या पदार्थात नाही, नुसत्या प्रकाशातही नाही. हे उदाहरण हाताशी ठेवा.

आता कांटच्या अटीकडे येऊ. सुरक्षित जागा. इमात्राच्या काठाला कठडा होता, पूल होता, मागे हॉटेल आणि चहा होता. उदात्ताची अनुभूती घ्यायला लागणारी सगळी सोय. आणि तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं, या कठड्याच्या पलीकडे जाण्यासाठीच काही माणसं इथे येत राहिली. पीटर्सबर्गहून रेल्वेनं. बरीचशी तरुण. पात्राच्या काठी ‘इमात्राची कुमारी’ नावाचा एक पुतळा आहे, तो त्यांच्या स्मरणार्थ आहे. मी या गोष्टीवर फार बोलणार नाही, तिचं कुतूहल करणं मला अप्रशस्त वाटतं. पण कांट वाचताना ती विसरताही येत नाही. कांट म्हणतो की प्रपातापुढे आपलं शरीर क्षुद्र ठरतं, पण त्याच क्षणी आपल्याला कळतं की आपल्यातली विवेकशक्ती त्या पाण्याहून मोठी आहे. हे दुसरं पाऊल आपोआप पडत नाही. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याच्या बाबतीत पहिलंच पाऊल पडतं आणि माणूस तिथेच राहतो. म्हणजे ‘सुरक्षित जागा’ ही केवळ कठड्यानं होत नाही. ती पाहणाऱ्याच्या आतही असावी लागते. कांटच्या भाष्यकारांनी या मुद्द्याकडे द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही, असं माझं मत आहे.

मग इंजिनिअर आले. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. लगेच यादवी युद्ध झालं. गरीब, थंड, कोळसा नसलेला देश. तेल नाही, पण पडणारं पाणी आहे. १९२२ मध्ये इमात्राच्या वीजकेंद्राचं काम सुरू झालं आणि १९२९ मध्ये केंद्र चालू झालं. तिथून हेलसिंकीमार्गे तुर्कूपर्यंत ११० किलोव्होल्टची वाहिनी टाकली, तिला लोकांनी नाव दिलं ‘राउतारोउवा’, म्हणजे लोखंडी बाई. फिनलंडमधलं हे आजही सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र आहे. नदी बाजूच्या कालव्यानं टर्बाइनकडे वळवली. आणि ज्या घळईसाठी सम्राज्ञी आली होती ती कोरडी पडली.

थोडं थांबून विचार करा. नव्यानं स्वतंत्र झालेला देश पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणून आपल्या सर्वांत प्रसिद्ध निसर्गदृश्याचं पाणी तोडतो. ‘कालेवाला’ हे त्यांचं राष्ट्रीय महाकाव्य. त्यात एक तरुण आपलं ज्ञान मिरवताना मोठमोठ्या प्रपातांची नावं घेतो आणि इमात्राहून वरचढ कोणी नाही असं सांगतो. अशा जागेचं पाणी! पण मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या घरात हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो, त्या घराला ‘आमचा उदात्त अनुभव जातो, दिवा लावू नका’ असं सांगायला पीटर्सबर्गचा पाहुणा हवा, घरचा माणूस नव्हे.

आता आज तिथे काय होतं ते सांगतो. उन्हाळ्याच्या मोसमात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी धरणाचे दरवाजे उघडतात. लोक पुलावर आणि दोन्ही काठांवर जमतात. तिकीट नाही. ध्वनिक्षेपकावर सिबेलियसचं संगीत लागतं. खाली कोरडा, करडा खडक. वरून आधी पांढरी रेघ दिसते, मग तिची जीभ होते, खडकातल्या खोबणी एकेक करून भरतात, आणि काही मिनिटांत घळई नुसती फेस आणि गर्जना. पुलाचा कठडा हाताला थरथरताना जाणवतो. तुषार तोंडावर येतात. पंधरावीस मिनिटांनी दरवाजे बंद. पाणी ओसरतं. लोक आइस्क्रीम घ्यायला जातात.

आपल्याकडच्या माणसाला हे अगदीच नवं नाही. गिरसप्पाला निघताना आपण आधी विचारतोच, ‘पाणी आहे का? सोडलंय का?’ शरावतीवर वर धरण आहे. पण गिरसप्पाला निदान पावसाळा आपली हजेरी लावतो. इमात्रात वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं.

प्रश्न असा: पुलावर उभं राहून लोक जे पाहतात तो निसर्ग आहे का?

तीन माणसांना विचारू. पहिला पुन्हा कांट. त्याच्याच ग्रंथात एक खानावळवाला आहे. शहरातून हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना नाइटिंगेलचं गाणं ऐकवायचं, पण पक्षी तर नाही. मग तो एका खोडकर पोराला झुडपात लपवतो आणि वेळूची शिट्टी वाजवायला लावतो. पाहुणे खूश. पण लबाडी कळली की तेच गाणं कुणाला क्षणभर ऐकवत नाही. आवाज तोच. बदललं काय? हा आवाज निसर्गाचा आहे ही आपली समजूत.

मग इमात्राचा प्रपात म्हणजे झुडपातलं पोर का? माझ्या मते नाही. एक तर इथे कुणी लपलेलं नाही. दरवाजे सर्वांना दिसतात, वेळ छापलेली असते. आणि दुसरं, पाणी खरं, उतार खरा, खडक तोच. पोराच्या शिट्टीत पक्षी नव्हताच. इथे पक्षी खरा आहे, पण पिंजऱ्याचं दार ठरल्या वेळी उघडतं. फरक मोठा आहे.

दुसरा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट. १९८२ साली त्यानं एक लेख लिहिला, विषय बनावट निसर्ग. खाणवाले म्हणतात, आम्ही डोंगर खणू आणि नंतर होता तसा करून देऊ. एलियट म्हणतो, तंतोतंत केलात तरी काहीतरी गेलंच, जसं नकली चित्रात जातं. कारण वस्तूचं मूल्य ती कशी दिसते एवढ्यावर नसतं, ती कशी घडली यावरही असतं. हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. पण इमात्रामध्येच त्याला अडचणीत टाकणारी गोष्ट आहे. गेल्या काही वर्षांत तिथे माणसांनी एक ओढा खणला आहे. गोटे आणून टाकले, वळणं काढली, पाणी सोडलं. हेतू हा, की ट्राउट माशांना अंडी घालायला जागा मिळावी, कारण धरणांनी त्यांच्या जुन्या जागा गेल्या. आणि मासे आले, अंडी घालू लागले. आता बघा. एका बाजूला सहा हजार वर्षांची अस्सल घळई, तिच्यात दिवसाचे वीसएक मिनिटं पाणी. दुसऱ्या बाजूला कालपरवा खणलेला बनावट ओढा, त्यात चोवीस तास जगणं चाललेलं. एलियटच्या कसोटीनं घळई श्रेष्ठ. ट्राउटच्या कसोटीनं? उत्पत्ती महत्त्वाची आहे, हे मान्य. पण निसर्गाला उत्पत्तीइतकंच पुढे चालू राहणंही असतं, आणि एलियटच्या नकली चित्राच्या उपमेत ते बसत नाही. चित्र अंडी घालत नाही.

तिसरा हायडेगर. १९५३ च्या तंत्रज्ञानावरच्या व्याख्यानात त्यानं ऱ्हाइन नदीवरच्या वीजकेंद्राचं उदाहरण घेतलं आहे. आधुनिक तंत्रज्ञान नदीकडे नदी म्हणून पाहत नाही, ऊर्जेचा हुकमी साठा म्हणून पाहतं. वीजकेंद्र नदीवर बांधलेलं नसतं, नदीच वीजकेंद्रात बसवलेली असते. यावर कुणी म्हणेल, अहो पण निसर्गदृश्य म्हणून ऱ्हाइन आहेच की! त्यावर हायडेगरचा टोला असा, की आहे ना, सुट्ट्यांच्या उद्योगानं पाठवलेल्या सहलीच्या टोळीनं पाहायची वस्तू म्हणून आहे. म्हणजे वीज आणि पर्यटन या त्याच्या लेखी एकाच हुकमाच्या दोन बाजू.

इमात्रावर हे वर्णन हुबेहूब बसतं असं वाटतं. मला मात्र एक जागा सुटलेली दिसते. दरवाजे उघडतात तेवढा वेळ ते पाणी टर्बाइनमधून जात नाही. वीज बनत नाही. साठ्याचा नियम असा की काही वाया जाता कामा नये. इथे दर खेपेला मुद्दाम वाया घालवलं जातं. हिशेबनीस म्हणेल, जाहिरातखर्च. असेलही. पण मला त्यात दुसरं काही दिसतं. आपण काकडआरतीला देवाला ठरल्या वेळी उठवतो, दुपारी नैवेद्य, रात्री शेजारती. घड्याळावर चालतो म्हणून तो देव खोटा, असं कुणी म्हणत नाही. हा विधी आहे हे सर्वांना माहीत असतं. इमात्राचं पाणी सोडणं हा असाच विधी आहे. इथे काय होतं आणि आपण काय घेतलं, याची उजळणी. विधीला वेळापत्रक चालतं. उदात्ताला चालत नाही, कारण कांटच्या उदात्तात समोरची शक्ती आपलं ऐकत नसते. तेव्हा माझं उत्तर असं: पुलावरचे लोक उदात्त पाहत नाहीत, उदात्ताचं स्मरण करतात. आणि स्मरणाला मी नक्कल म्हणणार नाही.

शिवाय शक्ती अगदीच ऐकू लागली आहे असंही नाही. पावसाचं एखादं वर्ष असं येतं की साइमा काठोकाठ भरतो, टर्बाइनला झेपेनासं होतं आणि मग वेळापत्रक बाजूला ठेवून दरवाजे उघडावेच लागतात. तेव्हा संगीत नसतं.

आणि सीमा. दुसऱ्या महायुद्धानंतर वुओक्सीचा बहुतेक भाग सोव्हिएत युनियनकडे गेला. इमात्रापासून काही किलोमीटरवर पलीकडे स्वेतोगोर्स्क. नदीवर दोन धरणं इकडे, दोन तिकडे. साइमातून किती पाणी सोडायचं याचा दोन देशांत १९८९ साली करार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिनलंडनं इथली सीमाचौकी बंद केली, माणसांची ये-जा थांबली. पाणी अर्थातच जातच राहिलं; त्याला थांबवायचं तर साइमाकाठच्या आपल्याच गावांत पाणी शिरेल.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सर, आम्ही जुलैत मुलीकडे हेलसिंकीला जाणार आहोत. इमात्राला मुद्दाम जावं का?’ जरूर जा. रेल्वेनं अडीच-तीन तासांचा रस्ता. पाणी सोडण्याच्या तारखा आणि वेळ दर मोसमात बदलू शकतात, तेवढं आधी पाहून घ्या. पण माझं ऐकाल तर सकाळीच पोहोचा आणि आधी कोरडी घळई पाहा. लोक ती पाहतच नाहीत, ‘अजून काही सुरू व्हायचंय’ म्हणून कॉफी पीत बसतात. पात्रात मात्र उतरू नका, ते धोक्याचं आहे. काठावरून आणि पुलावरून सगळं दिसतं. खडकात गोलाकार खोल खड्डे दिसतील. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले असतील ना, तेच; भोवऱ्यात सापडलेले गोटे फिरून फिरून खडक कोरतात. काठच्या खडकांवर जुन्या प्रवाशांनी खोदलेली नावं आहेत, तीही वाचा. १९२९ च्या आधी हे खडकाचं तळ कॅथरीनला दिसलं नव्हतं, झारला दिसलं नव्हतं, सोलोव्योवलाही नाही. त्यांना हिरा दिसला. कोळसा आपल्याला पाहायला मिळतो, आणि संध्याकाळी त्याच जागी वीस मिनिटं हिराही.

आणि दरवाजे बंद झाल्यावर लगेच निघू नका. सगळी गर्दी पांगते, संगीत थांबतं. मग रांजणखळग्यांतून पाणी उतरायला लागतं, एकातून दुसऱ्यात, बराच वेळ. तो आवाज कार्यक्रमात धरलेला नाही.

पुढच्या वेळी हेपबर्नचा १९६६ चा निबंध घेऊ. ज्यांना जमेल त्यांनी तोवर पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तलं कांटवरचं विवेचन पुन्हा चाळून या.